घर रिकामे करताना

घर विकायचे नक्की झाले त्या संध्याकाळी आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक दोनशे पानी वही विकत आणली. शाळेत जडवस्तू संग्रहाचे रजिस्टर असते, त्याला सगळे डेड स्टॉकच म्हणतात. वर्गातली खुर्ची मोडून तिचे दोन पाय उरले तरी निर्लेखनाचा ठराव होईपर्यंत ती त्या रजिस्टरात खुर्ची म्हणूनच जिवंत असते. आम्ही शिक्षक मंडळी या रजिस्टराची पुष्कळ थट्टा करतो. पण तीन पिढ्यांचा संसार दीड महिन्यात उपसायचा म्हटल्यावर नेमके तेच आठवले. पानावर चार रकाने आखले: न्यायचे, वाटायचे, विकायचे, टाकायचे.

घर चिपळुणातले, वाशिष्ठीपासून फार लांब नाही. पुढे दादांनी बांधलेले कौलारू घर, मागे अब्बांनी चढवलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात अम्मीला घेऊन आम्ही त्याच स्लॅबवर बसून होतो. २००५ चे पाणीही तिने पाहिले होते, पण तेव्हा अब्बा होते आणि तिचे गुडघे धड होते. आता आषाढ लागला की तिला रात्रीची झोप येत नाही. पावसाचा जोर वाढला की ती उठून उंबऱ्याशी हात लावून पाहते. म्हणून घर विकायचे आणि उंचावरच्या फ्लॅटमध्ये जायचे. कारण एवढेच.

माणूस नीटनेटका असला की तो सचोटीचा असतो असा आमचा एक जुना समज होता. वह्यांना पुठ्ठे घालणारा मुलगा खोटे बोलणार नाही, असे वर्गातही आम्ही धरून चालतो. हा समज या दीड महिन्यात बराच ढिला झाला. व्यवस्थितपणा ही सोयीची गोष्ट आहे की इमानाची, असा प्रश्न आम्हाला पडला तो चौथ्या दिवशी, माळ्यावरून एक देग खाली काढली तेव्हा.

कलई उडालेली तांब्याची देग. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आमच्या घराण्यातले नाही. कोणाच्या लग्नात आणली आणि परत करायची राहिली, की पुरात कोणाच्या अंगणातून तरंगत आमच्या पडवीत आली, हे कोणालाच सांगता येईना. पुरानंतर आठवडाभर मोहल्ल्यात असेच चालले होते. लोक भांडी रस्त्यावर मांडून ठेवत आणि ज्याची तो ओळखून नेई. ही देग मात्र आमच्याकडे धुऊन, पुसून, माळ्यावर व्यवस्थित ठेवली गेली होती. तिला आमच्या वहीत रकानाच नव्हता. न्यायची म्हटले तर ती आमची नाही, विकायची म्हटले तर तो सरळ गुन्हा, आणि वाटायची म्हटले तरी दुसऱ्याच्या मालावर सखावत करणारे आम्ही कोण? शरियतमध्ये सापडलेल्या वस्तूला लुक्ता म्हणतात आणि वर्षभर तिची जाहीर वाच्यता करायला सांगितले आहे. आमच्याकडे ती चार वर्षे गुपचूप होती. त्या दिवशी आम्ही पाचवा रकाना आखला: दुसऱ्याचे.

रकाना आखला आणि घरभर दुसऱ्याच्या वस्तू दिसू लागल्या. मदरशाची दोन किताबे. आखातात गेलेल्या एका शेजाऱ्याने ठेवायला दिलेली पत्र्याची पेटी, जिची किल्ली त्याच्याकडे आणि तो आता हयात नाही. आपाच्या सासरचा कंदील. वस्तू ज्यांच्या त्यांना पोहोचवा, अशी सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आज्ञा आहे आणि ती आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो. शिकवताना डोळ्यांसमोर सोने-नाणे असते, कंदील नसतो.

उर्दू कागदांचा प्रश्न निराळाच. मराठी वर्तमानपत्र रद्दीत जाते, उर्दूचे सहसा जात नाही, कुठल्या ओळीत अल्लाचे किंवा पैगंबरांचे (स.) नाव असेल आणि त्या कागदात कोणी भजी बांधील, या धाकाने आमच्या घरांत उर्दू मासिकांचे गठ्ठे वर्षानुवर्षे साठत जातात. अब्बांचे असे अकरा गठ्ठे निघाले. त्याच्याखाली पुरात भिजून फुगलेले कुरआन शरीफचे तीन मुसहफ. पाने विलग होत नव्हती. ते पांढऱ्या कपड्यात गुंडाळून, पायाखाली न येणाऱ्या जागी दफन केले. त्या दिवशी वहीत काही लिहिले नाही.

कागदांची पिशवी सर्वांत शेवटी सोडली. अब्बांनी ती प्लॅस्टिकमध्ये बांधून आढ्याला टांगलेली असे, म्हणून दोन्ही पुरांतून वाचली. घरपट्टीच्या पावत्या सालवार, मिळकत पत्रिकेचा उतारा, वीज मंडळाची डिपॉझिटची पावती, सगळे टाचणी लावून. अब्बा फार व्यवस्थित होते. त्याच टाचणीत १९८३ सालचे एक हक्कसोडपत्र होते. दादा वारल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, म्हणजे आमच्या फुफीने, भावाच्या लाभात आपला हिस्सा सोडल्याचे. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, असे मजकुरात लिहिलेले आणि खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा.

असा कागद निघाला यात नवल काहीच नाही. वाचकांपैकी कितीजणांच्या घरात तो आहे हे ज्याचे त्याने पाहावे. शरियत ॲप्लिकेशन ॲक्ट १९३७ साली झाला. त्याआधी नव्वद वर्षे, १८४७ मध्ये, मुंबईतल्या खोजा आणि मेमनांच्या खटल्यात सर अर्स्किन पेरी यांच्या न्यायालयाने रूढी ग्राह्य धरून मुलींना वारसा नाकारला होता. १९३७ च्या कायद्याने रूढी बाजूला सारली, शेतजमीन तेवढी वगळली. घराच्या बाबतीत मुलीचा हिस्सा निर्विवाद झाला. रूढी कायद्यातून गेली ती हक्कसोडपत्रात येऊन बसली, इतकेच.

आमच्यापैकी जो दोह्यात असतो त्याने फोनवर सांगितले की कागद नोंदणीकृत आहे, चाळीस वर्षे उलटली आहेत, फुफीचा आता संबंध येत नाही. हे सगळे खरे आहे. वारसदाराने काही घेऊन किंवा खुशीने आपला हिस्सा सोडणे फिकहलाही मान्य आहे, त्याला तखारुज म्हणतात. आपा तेवढ्यात म्हणाली, ‘‘फुफीचा कागद चालतो, तर आम्हा दोघींचाही तयार ठेवला असेल ना?’’ ती हसत म्हणाली. पण हसले कोणीच नाही, कारण तसा कागद करावा असे एजंटाने आदल्या दिवशीच सुचवले होते. सह्या कमी लागल्या म्हणजे व्यवहार सुटसुटीत होतो, हे त्याचे म्हणणे. या सुटसुटीतपणाची किंमत बहिणी देत आल्या आहेत.

आम्ही मग हिशेब मांडला. अब्बांच्या पश्चात अम्मी, दोन भाऊ, दोन बहिणी. अम्मीचा आठवा हिस्सा काढून उरलेले भावाला दोन, बहिणीला एक या प्रमाणात. अपूर्णांक टाळायचे तर घराचे ४८ भाग पडतात: अम्मीचे ६, प्रत्येक भावाचे १४, प्रत्येक बहिणीचे ७. आता यात फुफीला आणायचे तर दादांच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा तिचा. भाग होतात ७२, त्यांतले २४ फुफीचे आणि उरतात ते पुन्हा ४८. आमचे आकडे तेच राहिले: सहा, चौदा, सात. भाग फक्त लहान झाला. मुलांना अपूर्णांक शिकवताना इतके चांगले उदाहरण आमच्या हाती कधी लागले नव्हते.

पण फुफीला आणायचे का? खुशीने सोडलेली वस्तू परत देणे हा चांगुलपणा झाला, ते कर्तव्य कसे होईल? इथे आम्ही बरेच दिवस अडखळलो. सूरह निसामध्येच मेहरबद्दल म्हटले आहे की बायकांनी आपल्या मनाच्या खुशीने त्यातले काही सोडले तर ते खुशाल खावे. अट सहीची नाही, मनाच्या खुशीची आहे. आता १९८३ मधली एक बाई, जिने भावाकडे हिस्सा मागितला तर माहेर तुटेल हे तिला कोणी न सांगताही माहीत आहे, तिची खुशी कशी मोजायची? ती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. फुफीने अब्बांवर जीव टाकला. दर ईदला, भातकापणीनंतर, बाळंतपणाला ती इथेच आली. पडवीलगतची खोली तिची खोली म्हणूनच ओळखली जाई. जाताना तांदूळ, नारळ, एक कापड, हे अब्बांनी कधी चुकवले नाही आणि अब्बांनंतर अम्मीनेही नाही.

हेच ते. तिने तिसरा हिस्सा दिला आणि बदल्यात एक दार घेतले. कागदावर मोबदला नाही असे लिहिले असले तरी मोबदला होता. तो नारळ-तांदळाचा नव्हता, कधीही येऊन उघडता येईल अशा दाराचा होता. ते दार आता आम्ही विकतो आहोत. उंचावरच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या आणि हॉल, आणि तीन मजले जिने. तिथे फुफीची खोली नाही. ज्या गोष्टीसाठी तिने हक्क सोडला ती गोष्टच आम्ही विकून टाकली, तर तिचा हक्क सुटलेला राहतो का? कोर्टाला विचारले तर राहतो. आम्हाला तसे वाटेना.

दोह्याहून दुसरा प्रश्न आला आणि तो चुकीचा नव्हता. या हिशेबाने मागे जायचे तर दादांच्या बहिणींचे काय? त्यांच्या आत्यांचे? प्रत्येक घर असेच उकलत गेले तर कोणाचेच घर कोणाचे राहणार नाही. याला आमच्याकडे पक्के उत्तर नाही. दादांच्या बहिणी गेल्या, त्यांची मुले कुठे कुठे पांगली, त्यांचा कागदही नाही. फुफी खाडीपलीकडे तासाभराच्या वाटेवर आहे, ऐंशी ओलांडलेली आहे आणि हयात आहे. सगळे फेडता येत नाही म्हणून समोरचेही फेडायचे नाही, हे मात्र पटले नाही. स्लॅबच्या खोल्या अब्बांच्या कमाईच्या, त्यात तिचा भाग कसा, असेही निघाले. तिच्या तिसऱ्या हिश्शात आम्ही चाळीस वर्षे बिनभाड्याने राहिलो, ते भाडे त्या स्लॅबमध्ये वळते केले. हिशेब कच्चा आहे. आम्हाला याहून चांगला जमला नाही.

अम्मीला घेऊन आम्ही फुफीकडे गेलो. सांगितले. ती म्हणाली, ‘‘मला काय करायचंय बेटा पैशाचं? तुम्ही सुखात राहा.’’ आणि हे लिहायला संकोच वाटतो, पण हे ऐकून आम्हा सगळ्यांना एकदम हलके वाटले. चहा गोड लागला. परत येताना रिक्षात कोणीतरी, आपण विचारायचे काम केले, असे म्हणालेही. १९८३ मध्ये अब्बांनाही असेच हलके वाटले असेल. अम्मी गप्प होती. घरी आल्यावर तिने आपाला पुन्हा एकटीला पाठवले, आमच्याशिवाय. आपा रात्री तिथे राहिली. सकाळी फोन आला की फुफीच्या मुलाचे काम सुटले आहे, मागच्या खोलीचे छप्पर गळते आहे, आणि पैसे पावसाआधी मिळतील का असे ती विचारते आहे.

भावाच्या चार मुलांनी समोर बसून विचारले तर कुठली फुफी हो म्हणेल? आम्ही प्रश्न विचारला होता, पण नाही हेच उत्तर येईल अशा रीतीने. वर्गात आम्ही असे प्रश्न रोज विचारतो: समजले ना सगळ्यांना?

आता पाण्याच्या रेघेचे. पुढच्या खोलीत छातीइतक्या उंचीवर २०२१ ची मातकट रेघ होती. रंग दिला की दोन पावसांनी पुन्हा वर येई. गिऱ्हाईक दाखवण्याआधी आतून पुट्टी भरून घ्या, असा एजंटाचा सल्ला. शहरात सगळ्यांच्याच घरात पाणी गेले होते, सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग सांगायचे काय, असे तो म्हणाला. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे ५५ वे कलम साधारण इथपर्यंत येते: घेणाऱ्याला सावधपणे पाहूनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगावा. जे पाहून कळते ते पाहणे घेणाऱ्याचे काम. पण बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालून पैगंबरांनी (स.) आतला ओलावा बाहेर काढला आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे विकणाऱ्याला विचारले, तो प्रसंग मुस्लिमच्या संग्रहात आहे. तिथे घेणाऱ्याने हात घालून पाहावे असे म्हटलेले नाही. ओले वर ठेवायचे आहे.

आम्ही रेघ तशीच ठेवली. घेणारा वरच्या गावचा, आखातातून परतलेला, वाशिष्ठीची त्याला ओळख नाही. त्याला रेघ दाखवली, पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा सांगितल्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. त्याने रेघेशी छाती लावून उंची पाहिली, दोन दिवस मागितले आणि दीड लाख कमी केले. आम्ही कबूल झालो. त्या रात्री स्वतःविषयी फार बरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी वहीत दीड लाखाला ७२ ने भागले तेव्हा ते बरे वाटणे गेले. आमच्यापैकी प्रत्येक भावाच्या वाट्याला एकोणतीस हजार आले. बहिणींच्या वाट्याला साडेचौदा. अम्मीच्या साडेबारा. आणि फुफीच्या वाट्याला पन्नास हजार. आमच्या खरेपणाची सर्वांत मोठी रक्कम तिने भरली होती, आणि तिला विचारायचे आम्हाला सुचलेही नव्हते. दुसऱ्याच्या पैशाने खरे बोलणे हा कुठला प्रकार? फसवणूक नाही हे खरे. पण त्या प्रामाणिकपणावर आमचाच हक्क होता असेही म्हणता येईना. आपा पुन्हा गेली. फुफीने सगळे ऐकून घेतले आणि त्या माणसाला लहान मुले आहेत का एवढेच विचारले. दोन आहेत, आपा म्हणाली. त्यावर तिने पुन्हा छपराचीच गोष्ट काढली.

शेजाऱ्याचे थोडक्यात सांगतो. बुखारीच्या संग्रहात हजरत अबू राफे (रजि.) यांची हकिगत आहे. त्यांना आपल्या घरांचे पाचशे दीनार येत होते, तरी त्यांनी ती शेजारी राहणाऱ्या हजरत साद (रजि.) यांना चार हजार दिरहमला, तेही हप्त्यांनी, दिली, कारण शेजाऱ्याचा जवळिकीमुळे अधिक हक्क असतो असे त्यांनी पैगंबरांकडून (स.) ऐकले होते. शुफा तो हाच. हनफी फिकह तो शेजाऱ्यालाही देते. आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे तो फक्त भागीदाराला. म्हणजे शेजाऱ्याला विचारायचे बंधन आमच्यावर नव्हते. विचारले. त्यांना नको होते, त्यांनाही घर विकायचेच आहे. मात्र आधी विचारले नसते तर वाईट वाटले असते, असे त्यांच्या घरातून दोनदा सांगितले गेले, आणि त्यांच्याच अंगणात देगीवरचे नाव वाचायला चार म्हातारे जमले. एकाला ते नाव ओळखीचे वाटते. ते घर २००५ नंतर पनवेलकडे गेले म्हणतात.

खरेदीखत पुढच्या महिन्यात आहे. मिळकत पत्रिकेवर आता अम्मी आणि आम्हा चौघांची वारस नोंद आहे, दोघी बहिणींसह. फुफीचे नाव तिथे येणार नाही, तिचा वाटा रक्कम आल्यावर आम्ही बक्षीस म्हणून तिच्या खात्यात भरायचा आहे आणि ते वहीत पाचव्या रकान्यात लिहिले आहे. कर्ज लिहून ठेवा असे सांगणारी सूरह बकराची आयत कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. तेवढा आधार पुरेसा वाटला. त्या पानाखाली चौघांच्या सह्यांसाठी जागा सोडली आहे. तीन झाल्या आहेत. दोह्याहून कुलमुखत्यारपत्र आले, त्यावर शिक्का, सही, सगळे नीट आहे. या पानाबद्दल मात्र त्याने अजून काही कळवलेले नाही. काल रात्री त्याचा फोन आला होता. फुफीचे छप्पर कौलांचे आहे की पत्र्याचे, असे त्याने विचारले.